तुम्ही विचारलंत म्हणून: वयाबरोबर कादंबरीची गोडी जाते का?

वाचनालयात पुस्तक अर्धवट परत करताना रत्नागिरी-राजापूरकडचे पन्नाशी-साठीचे वाचक विचारतात, "पूर्वी रात्र जागून कादंबरी संपवायचो. आता ४० पानांपुढे सरकत नाही. वयानं गोडी गेली का हो?"

आधी डोळे आणि उजेड बघा. साठीत डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली बारीक राहते. विशीच्या मानानं पडद्यापर्यंत साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो. त्यात आषाढातली पडवी म्हणजे भर दुपारी अंधार. छताचा दिवा पुरत नाही, खांद्यामागून थेट पानावर पडेल असा दिवा हवा. चष्म्याचीही एक गोम आहे. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्हमध्ये वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. आरामखुर्चीत रेलून पुस्तक समोर धरलं की नजर वरच्या, लांबच्या नंबरातून जाते. मग हनुवटी उचलून वाचायचं, मान अवघडते, कंटाळा येतो आणि बोल लागतो लेखकाला. निव्वळ वाचायचा वेगळा चष्मा करा. तो नंबर सहसा ४० सेंटिमीटर अंतर धरून काढतात, तुमचं अंतर वेगळं असेल तर मोजून सांगा.

दुसरी अडचण नावांची. शब्दसंग्रह साठीतही वाढतो, पण नवी नावं लक्षात धरणं जड जातं. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' दोन खंडांची, चार पिढ्यांची. चार दिवस वाचन राहिलं की कोण कुणाचा ते निसटतं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर वंशावळ लिहीत जा, खुणेलाही तोच ठेवा.

एवढं करून उरेल तो बदल खरा वयाचा. विशीत 'पुढे काय?' ओढून नेतं. पन्नाशीत वळणं आधीच ओळखू येतात, म्हणून नुसत्या रहस्यावर उभी कादंबरी पोकळ वाटते. पण माणसं जास्त कळतात. मुंबईला पळालेल्या मुलाच्या बाजूनं वाचलेलं भांडण आता घर धरून बसलेल्या आईच्या बाजूनंही दिसतं. ही गोडी आम्हाला पहिल्यापेक्षा खोल वाटते, आणि ती दुसऱ्या वाचनात लवकर सापडते. तेव्हा नवं सोडा, आधी एक जुनी आवडती कादंबरी न्या.

मात्र पुस्तकच काय, गप्पा, बाजार, नातवंडं, कशातच दोन आठवडे मन लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्यात असं होतं, आणि त्यावर उपचार आहेत.