दहावा माणूस

दुपारी 2:10 ला मेसेज आला. प्रोफाइलवर फोटो नाही, नाव नाही, फक्त करडा चौकोन. हिब्रूत एकच ओळ: ‘आज सूर्यास्ताच्या आत दहा माणसं मिळतील का? कद्दीश म्हणायचाय. पैसे देईन.’ कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची ज्यू प्रार्थना. ती एकट्यानं म्हणता येत नाही.

डिसेंबरचे दिवस होते आणि तेल अवीवमध्ये सूर्य 4:38 ला मावळणार होता.

आधी माझ्या कामाविषयी सांगतो. मी ठाण्यात जन्मलेला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. धर्म पाळणारा आहे आणि गे आहे. आमचा एक छोटा गट आहे. मी रोज चार तास डेटिंग अ‍ॅपवर बसतो आणि ज्यांनी सिनेगॉगची पायरी सोडली त्यांच्याशी बोलतो. 1967 पासून हबाद या कर्मठ ज्यू पंथाची मुलं रस्त्याच्या कडेला उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, ‘तू ज्यू आहेस का? तफिलीन बांधतोस?’ तफिलीन म्हणजे प्रार्थनेच्या वेळी दंडाला आणि कपाळाला बांधायच्या धर्मवचनांच्या डब्या. माझा रस्ता म्हणजे हे अ‍ॅप. प्रोफाइलवर माझा किप्पा, म्हणजे ज्यू टोपी, घातलेला खरा फोटो आहे आणि खाली लिहिलंय: ‘मी इथे डेटसाठी नाही. शब्बाथचं जेवण, प्रार्थना, कद्दीश, काहीही हवं असेल तर लिहा. स्वतःला बदला, असं सांगणार नाही.’

शेवटचं वाक्य लिहावं लागतं. याच अ‍ॅपवर गोड बोलून कॉफीला बोलावणारे आणि मग गेपण घालवायच्या ‘उपचारा’ला नेणारेही भेटतात. तसले उपचार करायला इथल्या आरोग्य मंत्रालयानं 2022 मध्ये डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञांना मनाई केली. बाकीच्यांना कोण अडवणार? खोटा फोटो लावून कुणाला देवाकडे आणणं मला पाप वाटतं, आणि हे मी अगदी गंभीरपणे म्हणतोय. शिवाय किप्प्याचा फोटो पाहूनच कित्येक जण घाबरतात. 2015 च्या जेरुसलेमच्या प्राइड मोर्चात शिरा बांकी या 16 वर्षांच्या मुलीचा जीव घेणारा माणूस धर्माचंच नाव घेत होता. त्यामुळे खोलीचा पत्ता मी उघड्यावर कधी टाकत नाही, एकेकाला वेगळा पाठवतो.

मेसेज टाकणाऱ्या त्या मुलाला मी फोन केला. आवाज बसलेला. वडिलांचं पहिलं वर्षश्राद्ध, इकडे अझकारा म्हणतात. सकाळी तो दक्षिणेकडे आपल्या गावी गेला होता. तिथल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगायला पुढे झाला तेव्हा एका नातेवाइकानं दंड धरून मागे ओढलं: ‘तू नको, काका म्हणतील.’ तो तसाच बाहेर पडला आणि ट्रेननं परत आला.

प्रार्थनेसाठी वडिलांचं नाव विचारलं. त्यानं आडनावासकट सांगितलं. शेवटी ‘कर’.

मी मराठीत विचारलं, ‘कुठलं रे गाव?’

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पेणजवळचं. मी पाहिलं नाही. पप्पा सांगायचे.’

त्यानंतर मी त्याला पैशांचं काही बोलू दिलं नाही.

दहा माणसं. मिन्यानला तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष लागतात, नऊ चालत नाहीत. ते कसे वागतात याची अट नाही. तालमुद या धर्मग्रंथात स्पष्ट आहे की इस्रायलनं, म्हणजे ज्यूनं, पाप केलं तरी तो इस्रायलच. त्या नातेवाइकाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षभरात ज्यांच्याशी बोललो होतो त्या सगळ्यांना मी मेसेज टाकत सुटलो. ‘मिन्यान. 4 वाजता. एका मुलाच्या वडिलांसाठी.’ कुणी ब्लॉक केलं. कुणी लिहिलं, ‘कामावर आहे.’ एकानं विचारलं, ‘मला एकही प्रार्थना आठवत नाही, चालेल?’ चालेल, आमेन येतं ना? तो आला. रजेवरचा सैनिक आला, खांद्याला बंदूक. सत्तरीचे एक आजोबा आले. समलिंगी संबंध या देशात 1988 पर्यंत कायद्यानं गुन्हा होता, तो काळ त्यांनी काढलाय. सुपरमार्केटमधला एक मुलगा एप्रनसकट आला. कद्दीश म्हणणारा मुलगा आणि मी धरून 4:10 ला आम्ही नऊ झालो.

4:14 ला पुन्हा मेसेज. ‘समोर गाडीत बसलोय. उतरता येत नाही.’ अ‍ॅपवर अंतर दिसत होतं, 30 मीटर. याच्याशी मी सहा महिने बोलत होतो. बायको, चार मुलं, कर्मठ ज्यूंची काळी हॅट. त्याची ओळख फुटली तर त्याचं घर जाईल.

बाहेर जाऊन काच ठोकावी, असं एकदा वाटलं. नाही गेलो. लिहिलं: ‘दार उघडं ठेवतो. आम्ही सगळे जेरुसलेमकडे तोंड करून उभे राहू. दार आमच्या पाठीशी आहे. मागं कुणी वळणार नाही. फक्त उंबरठ्याच्या आत ये, बाहेर उभा राहिलास तर मोजता येत नाही.’

उत्तर नाही. मी सगळ्यांना तेवढंच सांगितलं, ‘मागं बघू नका.’ नऊ जण पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलो. तो मुलगा पुढे. त्याच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक थरथरत होतं आणि त्याची नजर घड्याळावर होती. 4:19. 4:21.

मागे फरशीवर बुटाचा आवाज आला. मग कुणीतरी घसा साफ केला.

मुलानं सुरुवात केली. शेवटी कद्दीश आला, ‘यितगदाल वेयितकदाश शमे रब्बा.’ कद्दीशमध्ये मृत्यूचा शब्दच नाही, सगळी देवाची स्तुती. ‘रब्बा’वर त्याचा आवाज फुटला. आमच्या ‘आमेन’मध्ये सर्वांत मोठा आमेन पाठीमागून आला, स्वच्छ, येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, वाढलेल्या माणसाच्या उच्चारांचा. पुढचा एक शब्द मुलाला सापडेना, तेव्हा तोही मागूनच आला, हळू.

संपलं तेव्हा 4:35 झाले होते. मी मनात वीस मोजले आणि मग वळलो. दार उघडं होतं, तिथे कुणी नव्हतं.

मुलानं बॅगेतून स्टीलचा डबा काढला. आईनं पहाटे करून दिलेले गोड पोहे, खोबरं आणि वेलची घातलेले. मलिदा, म्हणजे आमच्या बेने इस्रायलींचा विधीचा प्रसाद, नव्हे, त्याचा विधी कुठे झाला होता? पण वास तोच. पप्पांच्या नावानं प्रत्येकाच्या तळहातावर एकेक मूठ ठेवत तो फिरला आणि माझ्यापाशी थांबून म्हणाला, ‘दहावे कोण होते?’

‘मला नाव माहीत नाही.’

डब्यात एक मूठ उरली होती. तो डबा घेऊन दारापर्यंत गेला, रस्त्याकडे पाहिलं आणि परत आला. माझ्या फोनवर अंतर वाढत होतं. 400 मीटर. मग 2 किलोमीटर.