खाऱ्या पाण्याची मोठी प्रवाळ टाकी उभारताना : माझा अनुभव

प्रवाळांची टाकी जितकी मोठी तितकी ती सांभाळायला सोपी, असा सल्ला या छंदात पडणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. मलाही तो मिळाला आणि १८० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच, म्हणजे सुमारे ६५० लिटरची टाकी घरात उभारायचे मी ठरवले. ती स्थिरावल्यानंतर आज मी हा सल्ला अर्धाच खरा मानतो. मोठ्या टाकीतले पाणी सावकाश बिघडते हे खरे, पण ते सुधारतेही तितक्याच सावकाश. शिवाय एकदा पाणी भरले की टाकी जागची हलत नाही आणि तिच्या काचेला नवे भोकही पाडता येत नाही. म्हणून माझा निम्म्याहून अधिक वेळ टाकी कोरडी असतानाच्या कामांत गेला, आणि तो तसा गेला हे बरेच झाले.

पहिला प्रश्न वजनाचा होता. समुद्राचे पाणी लिटरमागे सुमारे १.०२५ किलो भरते, म्हणजे नुसते पाणीच ६६० किलोच्या घरात जाते. त्यात १२ मिलिमीटर जाडीची काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालची सम्पची, म्हणजे पाणी गाळण्याची, टाकी धरली की एकूण भार एक टनाच्या वर जातो. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरमागे २०० किलोंच्या आसपास चलभार धरून आखलेला असतो. हा आकडा संपूर्ण खोलीवर सारख्या पसरलेल्या भारासाठी असला, तरी जेमतेम एका चौरस मीटरवर टनभर वजन ठेवण्याआधी तो डोळ्यांसमोर असलेला बरा. मी इमारतीचे नकाशे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवले आणि त्यांच्या सांगण्यावरून तुळईलगतची भिंत निवडली. तिथे थेट ऊन येत नाही, हाही फायदा झाला. स्टँड जागेवर बसल्यावर दोन्ही दिशांना पाणसळ लावून पाहिली, कारण एवढ्या लांबीत काही मिलिमीटरांचा कल असला तरी तो पाण्याच्या रेषेत उघड दिसतो आणि काचेच्या सांध्यांवर कायमचा ताण देत राहतो.

सगळ्यांत जास्त विचार नळकामाने खाल्ला. वरच्या टाकीतून ओव्हरफ्लोने, म्हणजे काठाशी बसवलेल्या खोक्यात सांडून, पाणी खाली सम्पमध्ये उतरते, तिथे ते गाळले जाते, प्रोटीन स्किमर त्यातले सेंद्रिय पदार्थ फेसाबरोबर बाहेर काढतो आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर पाठवतो. उतरणीसाठी मी तीन पाइप ठेवले. पहिला पूर्ण भरून वाहणारा, त्यावर गेट व्हॉल्व्ह. दुसरा उघडा, ज्यातून थोडेसेच पाणी झुळझुळत जाते. आणि तिसरा संकटकाळापुरता, एरवी कोरडा. पहिल्या पाइपात शेवाळ किंवा गोगलगाय अडकली तर उरलेले दोन टाकी उतू जाऊ देत नाहीत. पहिल्यांदा पंप सुरू केला तेव्हा ओव्हरफ्लोच्या खोक्यातून मोठा गुरगुराट येत होता. व्हॉल्व्ह अगदी थोडा फिरवायचा, पातळी स्थिर होईपर्यंत थांबायचे, पुन्हा किंचित फिरवायचा, असे करत गेलो तसा पाइपातला हवेचा अंश निघून गेला, आवाज आधी घोटघोट येऊ लागला आणि मग बंदच झाला. त्यानंतर त्या व्हॉल्व्हला मी फारसा हात लावलेला नाही.

वीज गेली की रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटे खाली ओढले जाते आणि वरची तोटी उघडी पडेपर्यंत ते थांबत नाही. म्हणून तोट्या पृष्ठभागाच्या जरा खालीच ठेवल्या आणि मीठ घालण्याआधी, गोड्या पाण्यावरच, पंप मुद्दाम बंद करून सम्पमध्ये किती पाणी उतरते ते पाहिले. ते जिथवर चढले त्यावरून चालू अवस्थेतली सुरक्षित पातळी काढली आणि सम्पच्या काचेवर तिची पट्टी चिकटवली. एकदिशा व्हॉल्व्हवर मी विसंबलो नाही; चुन्याची पुटे आणि किडे त्यात घर करतात आणि नेमक्या वेळी तो मिटत नाही. पितळ आणि तांबे पाण्याच्या वाटेवर कुठेही येऊ दिले नाही, कारण तांब्याचा अंशही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना मारक ठरतो. विजेच्या प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोल दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न पोचता खाली ठिबकते; आणि या सगळ्या जोडणीवर वेगळा अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर बसवला. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान घेतले. हीटर बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, आणि लहान हीटर अडकला तर एवढे पाणी तापायला वेळ लागतो, तेवढ्यात आपल्या लक्षात येते.

पाणी म्हणजे आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारे डीआय रेझिन अशा दोन्हींतून निघालेले, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे. नळाच्या पाण्यातले फॉस्फेट, सिलिकेट आणि क्लोरामाइन प्यायला चालत असतील, पण टाकीत पहिली दोन शेवाळाची खुराक होतात आणि क्लोरामाइन जिवांना घातक ठरते. ताशी १०-१२ लिटर देणारे यंत्र एवढी टाकी आणि सम्प भरायला दिवसांच्या हिशेबाने वेळ घेते, तो गृहीतच धरावा. कृत्रिम समुद्री मीठ लिटरमागे साधारण ३८ ग्रॅम लागते, म्हणजे सगळे मिळून सुमारे २८ किलो. टाकीत सजीव काही नसल्याने ही पहिली खेप टाकीतच विरघळवली. त्यानंतरचे प्रत्येक पाणी वेगळ्या पिंपात, पंप आणि हीटर लावून, दिवसभर फिरवूनच वापरतो. क्षारता दर हजारी ३५, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला सापेक्ष घनता १.०२६ च्या आसपास, एवढी धरली. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला आणून चालत नाही. ३५ च्या प्रमाणित द्रावणावरच तो जुळवावा लागतो. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून रोज उडणाऱ्या काही लिटरांची भरपाई गोड्या शुद्ध पाण्यानेच करायची असते, आणि हे काम माणसाच्या आठवणीवर न सोडता स्वयंचलित यंत्रणेकडे दिलेले बरे.

खडकांबद्दल या छंदात दोन तट आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जकार्तात ली चिन एंग या मत्स्यपालकांनी जिवंत खडक (जिवाणू वसलेले समुद्रातले खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच प्रवाळ जगवून दाखवले, आणि पुढे बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी त्याला जोरकस स्किमर आणि प्रखर प्रकाशाची जोड दिली. आजची बहुतेक घरगुती टाकी याच वंशातली आहे. समुद्रातून काढलेल्या खडकात जिवाणूंबरोबर उपद्रवी पाहुणेही येतात आणि त्यासाठी समुद्राचा तळ खरवडावा लागतो. मी कोरडा खडक घेतला आणि जुन्या, निरोगी टाकीतले काही तुकडे त्यात मिसळले. वाळू टाकण्याआधी खडक थेट तळावर टेकवले, म्हणजे बिळे करणाऱ्या माशांनी खालची वाळू उपसली तरी रचना कोसळत नाही. सांधे मॉर्टरने पक्के केले आणि सगळ्या बाजूंनी काचेपासून हात जाईल एवढी मोकळी जागा ठेवली.

पुढचे काही आठवडे वाट पाहण्याचे होते. लिटरमागे २ मिलिग्रॅम होईल एवढा अमोनिया अमोनियम क्लोराइडच्या रूपाने दिला आणि जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात का, ते तपासत राहिलो. खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्याने नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतके घातक नसते; तरीही दिलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊ लागेपर्यंत मी एकही मासा आणला नाही.

कोरड्या खडकाची खरी किंमत त्यानंतर कळली. आधी वाळूवर डायटम या सूक्ष्म शैवलांचा तपकिरी थर आला आणि आपोआप ओसरला. मग नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले, आणि काही दिवसांत खडकांवरून बुडबुडे अडकलेले तपकिरी, चिकट तंतू लोंबू लागले. गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या. ही लक्षणे डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय, काही विषारी जिवांची, पण त्यांच्या जातीनुसार उपाय बदलतो, म्हणून थेंबभर चिकटा सूक्ष्मदर्शकाखाली धरला : तिळाच्या आकाराच्या पेशी, टोकदार बाजूने एका जागी खिळून स्वतःभोवती गिरक्या घेणाऱ्या. ही ओस्ट्रिऑप्सिसची ओळख. ती रात्री पृष्ठभाग सोडून पाण्यात तरंगते, त्यामुळे अतिनील दिव्याचा स्टरिलायझर तिच्यावर चालतो. तो बसवला, आणि नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम व फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम राहील अशा बेताने दोन्ही मुद्दाम घालत राहिलो, कारण पाणी उपाशी असले की इतर शेवाळ आणि जिवाणू मागे पडतात आणि रान यांनाच मोकळे मिळते. ‘पाणी जितके स्वच्छ तितके चांगले’ ही समजूत प्रवाळ टाकीत सगळ्यांत महागात पडते, असे माझे मत आहे. टाकी सावरायला बराच काळ गेला. खडकांवर निरोगी टाकीची खूण असलेल्या कोरलाइन शेवाळाचे जांभळट ठिपके दिसू लागले तेव्हा जीव भांड्यात पडला.

मासे निवडताना शक्य तिथे पैदास केंद्रातले घेतले. क्लाउनफिश तसे सहज मिळतात, आणि पिवळा टँग, ज्याची पैदास कित्येक वर्षे कोणाला साधत नव्हती, तोही २०१५ मध्ये हवाईच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटने टाकीत वाढवून दाखवला. प्रत्येक मासा आधी वेगळ्या, वाळू-खडक नसलेल्या टाकीत विलगीकरणात ठेवला. क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, मुख्य टाकीत शिरला तर त्यावरचे तांब्याचे औषध तिथे देता येत नाही. सगळे मासे पकडून बाहेर काढावे लागतात आणि टाकी कित्येक आठवडे माशांविना ठेवावी लागते. खडकांची रचना न मोडता ६५० लिटरमधून एक चपळ मासा पकडणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्याला विलगीकरणाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

प्रवाळांच्या बाबतीत कायदा आधी पाहावा. सर्व दगडी प्रवाळ साइटिस या वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि काही देशांत ते समुद्रातून काढणे किंवा जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. मी कागदपत्रांसह मिळणारे, टाकीत वाढवलेले छोटे फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचे तुकडेच घेतले. सुरुवात मशरूम आणि लेदरसारख्या मऊ प्रवाळांनी केली, मग युफिलिया हा दगडी प्रवाळ, आणि सगळ्यांत शेवटी फांद्यांसारखा वाढणारा अ‍ॅक्रोपोरा. प्रवाळाच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवले प्रकाशावर जगतात आणि त्याला अन्न पुरवतात. पण प्रकाश एकदम वाढवला तर प्रवाळ त्यांनाच बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. म्हणून दिवे कमी तीव्रतेवर सुरू केले आणि पार मीटरने (या शैवलांना वापरता येणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने) मोजून मऊ प्रवाळांना १०० च्या आसपास, अ‍ॅक्रोपोराला ३०० च्या आसपास प्रकाश मिळेल अशा जागा ठरवल्या. झोअँथिड आणि पॅलिथोआ हे प्रवाळांचे मऊ भाऊबंद हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालतो. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते, आणि असे खडक उकळत्या पाण्यात टाकल्याने माणसे रुग्णालयात पोचल्याची उदाहरणे आहेत.

दगडी प्रवाळ वाढू लागले की रसायनशास्त्र रोजचे होते. कॅल्शियम लिटरमागे ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० आणि अल्कलिनिटी (पाण्यातले बायकार्बोनेट-कार्बोनेट; डीकेएच हे तिचे एकक) ८ डीकेएच, एवढे मी सांभाळतो. त्यातही खरे लक्ष अल्कलिनिटीवर, कारण सांगाडा बांधताना ती आधी उतरते. तिची १ डीकेएच घट झाली तर कॅल्शियम जेमतेम ७ मिलिग्रॅमने कमी होते, आणि एवढा फरक घरगुती चाचणीत दिसतही नाही. सम्पसकट ७०० लिटर पाण्यात १ डीकेएच भर घालायला सुमारे २१ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, हा हिशेब मी सम्पच्या दारावरच लिहून ठेवला आहे. सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांची द्रावणे डोसिंग पंपाने वेगवेगळ्या वेळी, सम्पच्या वेगवेगळ्या टोकांना सोडतो. ती एकत्र आली तर पाण्यात चुन्याचा पांढरा पाऊस पडतो. पाणी बदलण्याचा उपयोग एवढ्या आकारमानात मर्यादितच आहे. ७० लिटर बदलले तर नायट्रेट फक्त दहा टक्क्यांनी उतरते, आणि निम्मे करायचे तर एका वेळी ३५० लिटर तयार पाणी हवे.

सध्या अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या वाढत आहेत तसा अल्कलिनिटीचा रोजचा खपही वाढतो आहे, आणि द्रावणांचे डबे लवकर रिकामे होऊ लागले आहेत. त्यांच्या जागी चुनखडीचे तुकडे विरघळवून हीच द्रव्ये पुरवणारा कॅल्शियम रिअ‍ॅक्टर बसवावा का, याचा मी विचार करतो आहे. अडचण एवढीच, की रिअ‍ॅक्टर कार्बन डायऑक्साइडवर चालतो, त्याने पाण्याचा पीएच उतरतो, आणि खिडक्या बंद असलेल्या रात्री माझ्या टाकीचा पीएच आत्ताच ७.८ पर्यंत उतरतो. तेव्हा आधी, बाहेरची ताजी हवा मिळावी म्हणून, स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर नेऊन पाहणार आहे.