आमची वाटचाल: सिमेंटच्या पोत्यापासून नी-पॅडपर्यंत

बरेच जण विचारतात की शाळेच्या बॅगा शिवणारे तुम्ही एकदम बांधकामाच्या नी-पॅडमध्ये, म्हणजे कामगारांनी गुडघ्याला बांधायच्या गादीत, कसे काय आलात, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकते.

माझे बाबा फरशीचे मिस्त्री. बार्शीकडून पुण्यात आले तेव्हा शहाबादी बसवायचे, मग मोझॅक, मग व्हिट्रिफाइड आली. गुडघ्याखाली काय, तर रिकामं सिमेंटचं पोतं दुमडून. ते पोतं ओलं व्हायचं, त्यात खडीचा एखादा कण अडकायचा, आणि तसंच दिवसभर. त्यांच्या गुडघ्यांवरची कातडी काळी आणि टाचेसारखी जाड झालेली, आईने खोबरेल लावलं तरी मऊ व्हायची नाही. पन्नाशीच्या आत उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी गाठ आली. डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं, दोन महिन्यांनी परत भरलं. तेव्हा कळलं की वाटीच्या पुढे, कातडी आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक पिशवी असते, कातडी हाडावरून नीट सरकावी म्हणून, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं दाब पडत राहिला की ती सुजते आणि पाणी धरते. इंग्रजीत याला हाऊसमेड्स नी म्हणतात, गुडघ्यावर बसून फरशी पुसणाऱ्या मोलकरणींवरून पडलेलं नाव. बाबांचं साइटवर जाणं त्याच गाठीमुळे बंद झालं.

मी 2012 ला धायरीत बॅगांचं युनिट टाकलं. तीन मशिनी, भाड्याचा गाळा, रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून नवार, बकल, चेन आणायची आणि दप्तरं शिवायची. सातव्या मशिनपर्यंत आलो आणि 2020 चा मार्च आला. शाळाच बंद, दप्तर कोण घेणार. त्या दिवसांत बाबा गच्चीत कुंड्या भरायचे, एकदा खाली येऊन म्हणाले, ते बॅगेच्या पाठीला लावता ना ते फोम, त्याचे दोन तुकडे दे गं, गुडघ्याला बांधतो. मी नवार लावून, वेल्क्रो शिवून दिलं. संध्याकाळी ते जिन्यावरून कठड्याला न धरता उतरले. तिथून सुरुवात.

पहिले 40 जोड आम्ही बाबांच्या ओळखीतल्या फिटरना, म्हणजे टाइल बसवणाऱ्यांना, नऱ्ह्याच्या एका साइटवर फुकट दिले. आठ-दहा दिवसांत त्यातले निम्मे गोणीत भरून परत आले, आणि ती गोणी उघडली तेव्हा मला रडू आलं खरं सांगते. बॅगेचा फोम म्हणजे उघड्या छिद्रांचा स्पंज, त्याने सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ कालवलेलं सिमेंट, पिऊन टाकलेली आणि ती आत सुकून दगड झालेली. वेल्क्रोच्या आकड्यांमध्ये सिमेंट बसलेलं, चिकटतच नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका पोराच्या गुडघ्याची कातडी गेली, कारण ओलं सिमेंट जबरदस्त अल्कलाइन, चुन्यासारखं कातडी जाळणारं असतं, भिजलेला पॅड तेच पाणी तासन् तास कातडीला धरून ठेवतो. गवंडी म्हणतातच ना, सिमेंटने हात खाल्ले, तसे आमच्या पॅडने गुडघे खाल्ले. त्याच्या औषधाचा खर्च आम्ही केला, पण ती गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

मग बाजारातले तयार पॅड आणले, पाच-सहा प्रकारचे, कडक टोपीचे, जेलचे, मोजे असतात तसे चढवायचे. हे चांगलेच असणार असं धरून चालले होते. पण तेही फिटर लोक जेवणाच्या सुट्टीत काढायचे आणि दुपारी परत घालायचेच नाहीत. का, ते कुणी नीट सांगेना, "टोचतंय" एवढंच. शेवटी मी आंबेगावच्या एका साइटवर अख्खा दिवस उलटी बादली टाकून बसले आणि नुसतं बघितलं. आपला फिटर गुडघ्यावर सलग बसतच नाही! तो उकिडवा बसतो, पुढे वाकून एक गुडघा टेकतो, टाइल ठेवतो, रबरी हातोडीने ठोकतो, परत उकिडवा, मग दोन पावलं तसाच सरकतो. आणि ते तयार पॅड बनलेत गुडघा काटकोनात टेकून काम करणाऱ्या माणसासाठी. उकिडवं बसलं की पाय पूर्ण दुमडतो, मागचा पट्टा गुडघ्याच्या खोबणीत गोळा होऊन रुततो आणि पॅड वर सरकून मांडीवर येतो. एप्रिल-मे मधल्या पुण्याच्या उन्हात, घामात, दिवसातून शेकडो वेळा. काढणारच ना माणूस.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलेय, की जो पॅड दुपारनंतर पायात राहत नाही तो कितीही मजबूत असला तरी उपयोगाचा नाही. आधी आराम, मग टिकाऊपणा.

आता आम्ही जे बनवतो ते असं की गुडघ्याच्या मागे बरोबर खोबणीत पट्टा नाहीच. एक रुंद पट्टा खाली पोटरीच्या सुरुवातीला, आणि वर मांडीला एक सैल इलॅस्टिक. खालचाही करकचून बांधायचा नाही, कारण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली जे हाड हाताला लागतं त्याच्याजवळून एक नस जाते, तिच्यावर पट्टा आवळला की पायाला मुंग्या येतात. फोम 20 मिलीमीटरचा ईव्हीए, बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा, मधोमध आडवी खाच, म्हणजे पाय दुमडला की पॅडही दुमडतो. वेल्क्रो काढून बॅगेचं बकल लावलं, ते बादलीत बुडवून धुता येतं. दोरा कॉटनचा नाही, पॉलिस्टरचा, आणि पट्टा जिथे पॅडला जोडतो तिथे दप्तराच्या खांद्याला मारतो तशी चौकोनात फुली. आम्हाला परत आलेल्या पॅडमध्ये फोम आधी गेलाय असे फार कमी, शिलाईच आधी उसवते.

दुकानात घेताना (आमचेच घ्या असं नाही, कुणाचेही घ्या) अंगठ्याने फोम जोरात दाबा. खालचा टेबल बोटाला लागला तर तो फोम महिन्याभरात पापड होणार, आणि खड्डा लगेच भरून आला नाही तरी तेच. मग तिथेच बांधा, दोन मिनिटं उकिडवं बसा, चार पावलं चाला, परत बसा. दुकानदार बघत राहील, राहू दे. शक्य असेल तर खडीचा एक तुकडा खाली ठेवून त्यावर टेकून बघा.

काम काय आहे त्यावरही ठरतं. टाइल बसवणं, सांध्यांत एपॉक्सी ग्राउट भरणं अशा तयार फरशीवरच्या कामाला कडक प्लास्टिकची टोपी नको, ती घसरते आणि टोपीत रुतलेला वाळूचा कण चकचकीत टाइलवर ओरखडा मारतो, मग ती टाइल मिस्त्रीच्या हिशोबातून वजा. मऊ, डाग न पाडणारा रबरी तळ बघा. उलट सेंट्रिंगवाले, स्लॅबवर सळई बांधणारे, यांना कडक टोपी पाहिजेच, तिथे बाइंडिंग वायरचं टोक नुसत्या फोममधून आरपार येतं. युरोपात यासाठी ईएन 14404 नावाचं मानक आहे, त्यात लेव्हल 0 म्हणजे सपाट जमिनीपुरता, टोचण्यापासून संरक्षण नाही, लेव्हल 1 ला 100 न्यूटन आणि लेव्हल 2 ला 250 न्यूटन जोर सहन व्हायला हवा, म्हणजे साधारण 25 किलोचं वजन एका टोकावर. बाहेरचे पॅड घेताना हा आकडा वाचा. आमच्या पॅडवर तो शिक्का नाही, चाचणीचा खर्च अजून झेपलेला नाही, हे आम्ही सांगूनच विकतो.

मधे एका मोठ्या ठेकेदाराने 200 जोडांची ऑर्डर दिली होती आणि माल कापायला घेतल्यावर म्हणाला फोम 10 मिलीमीटरचा करा, दर निम्मा करा, लेबरलाच तर द्यायचेत. मी ऑर्डर सोडली. त्या महिन्यात पगाराला सोनं ठेवावं लागलं, पण बाबा घरात समोर बसलेले असताना ते पॅड मला शिवता आले नसते. नंतर त्यातलेच फिटर वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून एकेक करून स्वतःच्या पैशाने घ्यायला आले, जोड 240 ला, कुणी दोन हप्त्यात.

सध्या वेगळंच काम चालू आहे. सांधे भरल्यावर टाइल पुसायला असतात त्या बायका, सगळ्या साडीवर, त्यांना पट्ट्याचा पॅड चालतच नाही, साडीवर बांधला की सरकतो आणि आतून बांधायला साइटवर आडोसा नसतो. हे मला इतकी वर्षं सुचलं नाही याचं फार वाईट वाटलं. आता त्यांच्यासाठी उचलून पुढे ठेवायची छोटी गादी करतोय, दोन्ही गुडघे मावतील एवढी, 30 मिलीमीटरची. पहिला नमुना एका मावशींना दिला तर चार दिवसांनी घेऊन आल्या, म्हणाल्या गादी झकास आहे बाई, पण हँडल मोठं कर, बादलीच्या कडीत अडकवता आलं पाहिजे, एका हातात पोछा असतो. या आठवड्यात तेच कापतोय, बाबा फोमच्या शीटा अंगठ्याने दाबून बाजूला काढतायत.