पान्याचं पुन्हा वाच

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी रात्रपाळी करून नुकतीच घरी आले होते. पत्र वाचता वाचता चहा निवून गेला. लिहायचं तर सगळ्याच शिक्षकांविषयी लिहायला हवं, पण लेखणी फिरून फिरून बाईंपाशीच येते. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेत कुणाला सांगायला नको. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत बायबल आणि लिमलेटच्या गोळ्या.

मी पाचवीला पेठकडच्या खेड्यातून वसतिगृहात आले. आमच्या घरी 'ण' कुणाच्याच तोंडी नव्हता. पहिल्याच आठवड्यात धडा वाचताना मी 'पानी' म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. पुढची दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. बाईंनी माझ्या बायबलात तेविसाव्या स्तोत्रातल्या प्रत्येक 'ण'खाली पेन्सिलीने ठिपका देऊन ठेवला होता. ठिपका दिसला की माझी जीभ अडायची, ती अडायचीच.

शनिवारी शाळा सुटली की बाई आम्हा सात-आठ जणींना घेऊन चालत सिव्हिल हॉस्पिटलला जायच्या. कुणाची उशी सारखी करायची, कुणाचं पत्र लिहून द्यायचं, कुणाला हवं असेल तर वचन वाचून दाखवायचं. मी फक्त तांबे भरायचे. त्यात बोलावं लागत नसे.

सातवीतला पावसाळा होता. बायकांच्या वॉर्डात वीज गेलेली. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींनी बाईंकडे वाचून दाखवायला मुलगी मागितली. वाचणाऱ्या मुली दुसऱ्या टोकाला होत्या. बाईंनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि पुस्तक दिलं. खिडकीच्या उजेडात अक्षरं कशीबशी दिसत होती, ठिपके दिसत नव्हते. मी घरी बोलते तसं वाचत गेले. त्या स्तोत्रात संथ पाण्याची ओळ आहे. तिथे आले तशी आजींनी माझं मनगट धरलं. "बाय, ते पान्याचं पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. चार वेळा वाचलं. त्या आजीही आमच्याच बाजूच्या होत्या.

परत येताना बाई त्याविषयी एक शब्द बोलल्या नाहीत. नाशिकचं शरणपूर लागलं तेव्हा मात्र त्यांनी जेकब वेनराइटची गोष्ट सांगितली. गुलामगिरीतून सुटलेला हा आफ्रिकन मुलगा इथल्या मिशनमध्ये शिकला. १८७३ साली आफ्रिकेत मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने आणि झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. पुढे पार्थिवासोबत तो लंडनपर्यंत गेला. "याच मातीत शिकला गं तो," बाई म्हणाल्या, "आणि वेळ आली तेव्हा वाचायला तोच होता." पुढच्या सोमवारी शाळेच्या प्रार्थनेत वचन मी वाचलं. पाय लटपटत होते, आवाज नव्हता लटपटत.

आज मी वॉर्डाची इनचार्ज सिस्टर आहे. चर्चच्या महिला मंडळातल्या विधवा बहिणींच्या पेन्शनचे अर्ज घेऊन कचेरीत जाते आणि साहेबांसमोर उभी राहून बोलते. मागे शाळेत आले होते. प्रार्थनेची खोली आता कॉम्प्युटरची झाली आहे, त्याला माझी हरकत नाही. पण शनिवारची भेट बंद झाली, मुलींना क्लास असतात म्हणे. याचं मला फार वाईट वाटलं. महोत्सवासाठी कमान उभारताच आहात, तर ती भेटही पुन्हा सुरू करा. मुली न्यायला मी येईन.

२०२० साली कोविडच्या वॉर्डात एका काकांच्या जवळ त्यांचं कुणीच नव्हतं. त्यांनी तेच स्तोत्र मागितलं. पीपीई किटच्या आत चष्म्यावर वाफ धरलेली, पुस्तक असतं तरी दिसलं नसतं. मी पाठ होतं तसं म्हटलं आणि पाण्याच्या ओळीला तोंडून 'पान्यावर'च आलं. पाळी संपल्यावर बाईंना फोन करून सगळं सांगितलं. तेव्हा त्या फार थकल्या होत्या, आवाज खोल गेलेला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग, झोप लागली का गं त्यांना?"