नातवाचं जॅकेट येईपर्यंत मी बोटीत पाय ठेवला नाही

इंग्लंडात लेस्टरला मुलाकडे गेलो होतो तेव्हा कालव्यावरची बोट चार दिवस भाड्याने घेतली. बडोद्याला परतल्यापासून दांडिया बाजारात भेटेल तो विचारतो, "तिकडे बोट चालवायला लायसन लागतं का हो?" भाड्याच्या बोटीला लागत नाही. पण मला सांगायचंय ते लाइफ जॅकेटचं.

बुकिंगच्या अर्जात प्रत्येकाचं वजन विचारलं होतं. नातू सहा वर्षांचा, 19 किलो. तो रकाना मी इथून फोन करून मुलाकडून भरून घेतला होता. दुपारी दोनला बोट भाड्याने देणाऱ्यांच्या यार्डात पोहोचलो, तर तिथे सगळी जॅकेटं मोठ्यांची! माणूस म्हणाला, पट्टे आवळा, चालेल. मी नातवाला ते घातलं, पट्टे आवळले आणि खांद्यांशी धरून वर ओढलं. जॅकेट कानांपर्यंत आलं, पोर खालीच. पाण्यात हेच झालं असतं. त्यावर तो म्हणाला, कालवा उथळ आहे, माणूस उभा राहू शकतो. सहा वर्षांचं मूल कसं उभं राहणार? आणि लॉक म्हणजे बोट वर-खाली न्यायला पाणी भरायचा-सोडायचा दारांचा हौद; तो भरल्यावर तिथे मोठ्यांचेही पाय टेकत नाहीत.

18 जानेवारी 2024 ला आमच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. ज्या गावाने हे पाहिलंय, तिथली आजी "चालेल" कसं म्हणेल? सून म्हणाली, "आई, त्याला आतच बसवू." मुलगा घड्याळ बघत होता. मी बाकावर बसून राहिले. साडेचारला दुसऱ्या यार्डातून लहान जॅकेट आलं, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं. तो पट्टा असला की जॅकेट वर सरकत नाही. उशिराबद्दल एक शब्द नाही, भाडंही पूर्ण घेतलं. मला अजून राग आहे. तुम्ही आदल्या दिवशी फोन करून जॅकेट काढून ठेवलंय का ते विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

त्या घाईत बोटीची माहिती भराभर उरकली. एक मात्र नीट पाहून घ्या: बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात अडकलेलं गवत काढायला मागे एक झाकण असतं. ते घट्ट बसलं नसेल तर बोटीत पाणी शिरतं. वापराच्या पाण्याची टाकी रोज भरायची.

फॉक्सटनचे लॉक दुसऱ्या दिवशी सकाळी चढलो. 1814 पासूनचे, एकाला एक लागून पाच-पाचांचे दोन जिने, एकूण 75 फूट चढण. आधी चालत जाऊन तिथल्या माणसांना सांगायचं, ते नंबर लावतात. हौदात पाणी घ्यायच्या-सोडायच्या झडपांचा नियम एकच: लाल रंगाची आधी, पांढरी नंतर. झडप फिरवायचं हँडल हातातून सोडून तिथेच अडकवून ठेवू नका, गरगर फिरून लागतं. आम्ही तासाभरात वर होतो. उतरताना मागच्या दारापाशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. बोटीचं शेपूट त्यावर टेकलं तर पाणी उतरताना बोट तिरकी होऊन बुडते. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढेच राहायचं.

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून ठेपले घेतले होते, ते चारही दिवस पुरले.

दाराचा लांब दांडा नातवाने बापाबरोबर पाठीने ढकलला. वर आल्यावर विचारलं, "आजी, आता काढू?" बोट बांधून होईपर्यंत नाही, म्हटलं.