म्हशीपेक्षा बरी वळती

शूटिंगमधला साऊंडवाला म्हणजे लग्नातला वाजंत्री. नसला तर बोंब, असला तर कुणाचं लक्ष नाही. त्या दिवशी मी बेळगावहून गोकाककडे निघालेल्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या हौद्यात, दोरखंडानं बांधलेल्या मोटारसायकलशेजारी, कानाला हेडफोन लावून बसलो होतो. पुढं केबिनमध्ये दोन नट आणि डॅशबोर्डवर दोन छोटे कॅमेरे.

आमची विद्यार्थ्यांची फिल्म. खानापूरकडच्या पोराची गाडी रस्त्यात बंद पडते, गोकाकचा टेम्पोवाला ती चढवून घेतो आणि साठेक किलोमीटरमध्ये दोघांची दोस्ती होते. एकाला कन्नड येत नाही, दुसऱ्याला मराठी. संवाद लिहिलेलेच नव्हते. शिकवायला आलेले सर पुण्याचे. सीनआधी ते एकेकाला बाजूला घ्यायचे आणि त्याला त्या सीनमध्ये काय हवंय ते कानात सांगायचे. दुसऱ्याला पत्ता नाही. बाकी तुमचं तुम्ही.

सरांचा तरी काय दोष? १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी माणसांच्या काळ्या दिवसाची सायकल फेरी, हे बातम्यांत बघणाऱ्याला वाटणारच, इथली माणसं एकमेकांचं अक्षर समजून घेत नसतील. आम्हीही काही बोललो नाही. मार्क त्यांच्या हातात होते.

पहिले चार टेक वाया गेले. खानापूरचा विचारायचा, ‘ब्रेक बरे हाईत न्हवं?’ आणि गोकाकचा लगेच, ‘छलो अदाव्री.’ उत्तर कन्नडमध्ये, खरं अगदी विचारलेल्या प्रश्नाचंच. सर मागच्या गाडीतून येऊन ओरडायचे, ‘अरे, तुला कळलेलं नाहीये!’ मग पुढच्या टेकला तो मनात तीन आकडे मोजून गोंधळायचा. ते मोजणं मला ऐकू यायचं.

ऐकू यायचं, कारण लिहिलेल्या सीनमध्ये नट एकमेकांचं वाक्य संपायची वाट बघतात, इथं दोघं एकमेकांवर चढून बोलत होते. म्हणून प्रत्येकाच्या शर्टाआत छातीला टेपनं चिकटवलेला लेपल माइक आणि दोघांचे ट्रॅक वेगळे. त्या माइकात माणसाचं पोट गुरगुरलेलंसुद्धा येतं.

अंकलगीच्या पुढं समोरून उसाची ट्रॉली आली. गोकाकच्यानं स्टेअरिंग मारलं, मी मोटारसायकलवर आदळलो. खानापूरचा खिडकीकडं तोंड करून पुटपुटला, ‘आमच्या आज्जीची म्हैस याच्यापेक्षा बरी वळती.’

आणि दुसऱ्या ट्रॅकवर, नाकातून सुटलेली बारीकशी हवा. फुस्स. त्यावर पांघरूण घालायला खोटा खोकला.

मी केबिनच्या मागच्या काचेवर थापा मारल्या. साऊंडवाल्यानं टेक थांबवायचा नसतो, त्यामुळं आधी शिव्या खाल्ल्या. मग सरांच्या कानाला हेडफोन लावला. कॅमेऱ्यात चेहरा ढिम्म होता. सरांनी तो तुकडा तीनदा ऐकला.

‘तुला मराठी येतं?’

‘येतं की सर. मावशी निपाणीला असती. शाळेत असताना सुट्टीला तिथंच.’

‘आणि तुला कन्नड?’

‘बाजारापुरतं,’ खानापूरचा म्हणाला. ‘शिव्या मात्र सगळ्या.’

सर रस्त्याकडेच्या मोरीवर जाऊन बसले. आम्हाला वाटलं, शूटिंग गुंडाळलं. पाचेक मिनिटांनी उठले, दोघांना आळीपाळीनं बाजूला नेऊन कुजबुजले. काय ते कुणालाच कळायचं नव्हतं, खरं माइक चालूच होते. दोघांनाही एकच सांगितलं: ‘तुला त्याची भाषा येते. त्याला कळू द्यायचं नाही.’

त्यानंतर मजा सुरू झाली. गोकाकचा फोन कानाला लावून खोट्या आईला कन्नडमध्ये सांगत होता, एक येडा गाडीत चढलाय, गोकाकपर्यंत ऐकत बसायचं नशिबी आलंय. शेजारी येड्याचे कान लाल. दोघंही समजत होते आणि दोघंही लपवत होते. आमच्या गावात हे रोजचंच आहे. आम्हाला कधी ते फिल्मसारखं वाटलं नव्हतं, एवढंच.

शेवटचा सीन सरांना गोकाकच्या झुलत्या पुलावर हवा होता. ऑक्टोबरची घटप्रभा, बावन्न मीटरवरून पडणारं पाणी. चित्र देखणं, आवाज शून्य. दोघं तिथं काय बोलले देव जाणे, माझ्याकडं नुसता घोंगावा आहे. वाद घालून सीन लांबच्या चहाच्या गाड्यावर नेला.

गोकाकच्यानं कन्नडमध्ये दोन चहा सांगितले. आणि खानापूरच्याच्या तोंडून निसटलं, ‘सक्री कडिमी.’ साखर कमी.

गोकाकच्यानं त्याच्याकडं बघितलं. माझ्या हेडफोनमध्ये त्याचा श्वास थांबला. मग चहावाल्याला स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘ह्याला म्हशीच्याच दुधाचा द्या. म्हैस बरी वळती ह्यांची.’

लेव्हल खाली करायला माझा हात गेला, तोवर उशीर झाला होता. दोघांच्या हसण्यानं दोन्ही ट्रॅक फाटले.

‘आवाज मिळाला?’ सरांनी विचारलं.

‘फाटलाय, सर.’

‘राहू दे.’

मग रूम टोनसाठी, म्हणजे कुणी बोलत नसताना त्या जागेचा नुसता आवाज घ्यायला, सगळ्यांना तीस सेकंद गप्प बसायला सांगितलं. अकरा मिळाले.