तुम्ही विचारलंत म्हणून: अंगठ्याचं ऑपरेशन आणि नंतरचं लोळणं

ठाण्यात तलावपाळीला फेरी मारताना, स्टेशनच्या पुलावर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, कुठेही कुणाची तरी नजर माझ्या उजव्या पायावरच्या व्रणावर जाते आणि प्रश्न येतो, "किती दिवसांत चालायला लागलात हो?" मग मी विचारणारीच्या पायाकडे बघते. बहुतेक वेळा तिचाही अंगठा शेजारच्या बोटावर रेललेला असतो आणि आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो.

उत्तर सोपं आहे. त्याच संध्याकाळी चालले. टाचेवर भार देऊन, वॉकर धरून, खाटेपासून बाथरूमपर्यंत. पण एवढंच ऐकून कुणी डॉक्टरची वेळ घेऊ नये. चालायला कधी लागलात यापेक्षा, दोन आठवडे पडून राहायला जमलं का, असं मला कुणीतरी विचारायला हवं. या दुखण्यात खरी कसोटी तिथे लागते, आणि ती पायाची कमी, घराची जास्त.

आधी मुळात झालं होतं काय ते सांगते. आपण सर्रास म्हणतो, "हाड वाढलंय." नवीन हाड फारसं वाढलेलं नसतं. अंगठ्याच्या मागे तळपायात जे लांब हाड असतं, ते हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं आणि अंगठा उलट बाजूला, इतर बोटांकडे कलतो. बाहेर येतो तो सांध्याचा कोपरा. डॉक्टरी भाषेत हॅलक्स व्हॅल्गस. हा कल साधारण १५ अंशांच्या आत असला तर कुणी त्याला दुखणं म्हणत नाही, ४० च्या पलीकडे गेला की तीव्र म्हणतात. मी मधल्या गटात होते. शिवाय अंगठ्याने ढकलून ढकलून शेजारचं बोट वर उचललं गेलं होतं, त्याच्या पेरावर चप्पल घासून भोवरी झाली होती, आणि खरं सांगायचं तर अंगठ्यापेक्षा त्या भोवरीनेच मला जास्त छळलं.

"उंच टाचा घालायचात का?" हा पुढचा प्रश्न. नाही. माझ्या आईने आयुष्यभर सपाट चपला घातल्या, घरात अनवाणीच, आणि तिचे दोन्ही अंगठे माझ्यापेक्षा वाकडे होते. मावशीचेही तसेच. ही ठेवण घराण्यात चालत येते, निमुळते बूट ते दुखणं वाढवतात एवढंच. रात्री घालायचे पट्टे आणि बोटांमध्ये ठेवायचे सिलिकॉनचे तुकडे मीही वापरले. त्यांनी घासणं कमी होतं, बरं वाटतं. मोठ्या माणसाचं सरकलेलं हाड त्यांनी जागेवर येत नाही, मग जाहिरातीत काहीही दाखवोत.

मी शाळेत शिकवते, म्हणजे दिवसभर उभी. पाचव्या तासाला पाय बुटातून काढून फरशीवर टेकवायची वेळ आली, रात्री ठणका लागायला लागला, तेव्हा ऑपरेशनचं ठरवलं. पाय दिसायला छान व्हावा म्हणून हे करू नका, असं आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि मीही तेच सांगेन. मेडिक्लेमवाल्यांनाही तेवढंच हवं असतं. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही, म्हणून दुखणं किती आणि चालण्यावर परिणाम काय, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं लागलं. कुणाला वाटलं असेल मी पन्नाशीत पेडिक्युअरला निघालेय.

मुहूर्त मात्र विचारपूर्वक काढला. पावसाळा नको, कारण ओलं झालेलं ड्रेसिंग म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण, आणि आपल्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत जुलैत कोरडं असं काही राहत नाही. उन्हाळा नको, उकाड्यात सूज जास्त येते. तेव्हा दिवाळीचा फराळ आटपला, भाऊबीज झाली आणि सुट्टी संपायच्या आत दाखल झाले.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे, मी तर पडद्याच्या अलीकडे होते. कमरेत इंजेक्शन, शिवाय घोट्याभोवती भूल. लांब हाड झेडच्या आकारात कापून सरकवलं आणि दोन बारीक स्क्रूंनी बसवलं. याला स्कार्फ म्हणतात, आणि त्याचा गळ्यातल्या स्कार्फशी संबंध नाही. सुतार दोन लाकडं लांबीत जोडताना जो सांधा करतात, त्याचं हे नाव. अंगठ्याच्या हाडातून एक पाचर काढली, ती पद्धत १९२५ साली एकिन नावाच्या डॉक्टरने मांडलेली. आणि शेजारचं बोट सरळ करून त्यात टोकापासून एक तार घातली. ती तार बोटाच्या बाहेर थोडी डोकावत होती. त्या तारेबद्दल पुढे सांगते.

जोडव्यांचं राहिलंच. ऑपरेशनला अंगावर धातू चालत नाही. डाव्या पायातली जोडवी सहज निघाली. उजव्या पायातलं वाकड्या पेराच्या मागे अडकलेलं, साबण लावून, दोरा गुंडाळूनही हलेना. शेवटी राम मारुती रोडजवळच्या सराफाकडे जाऊन कापून घेतलं. कापताना सराफाने मान वर न करता विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

पहिल्या रात्रीचं एक लक्षात ठेवा. भूल उतरेपर्यंत पाय आपला नसल्यासारखा असतो आणि माणसाला वाटतं, अरे, काहीच दुखत नाहीये. भूल उतरायच्या आत गोळी पोटात गेली पाहिजे, दुखायला लागल्यावर नव्हे. नर्सने हे बजावलं होतं म्हणून मी गजर लावून गोळी घेतली. पहिले दोन-तीन दिवस ठणका होता, पण सोसवेना असा नव्हता.

त्रास सुजेचा. पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, म्हणजे एक उशी नव्हे, लोड आणि वर दोन उशा. पाय खाली सोडला की दोन मिनिटांत बोटं जांभळी पडून पुरीसारखी टम्म फुगायची आणि टाक्यांवर ताण यायचा. पहिले दोन आठवडे तासातली पन्नास मिनिटं पाय वर, असा हिशोब डॉक्टरांनी सांगितला. वर ठेवूनही घोटा मात्र सतत वर-खाली हलवत राहायचं, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून. पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली तर वाट न बघता फोन करायचा, हेही सांगितलेलं.

आता हा हिशोब आपल्या घरात बसवून बघा. बेल वाजते, दूध उतू जातं, कुकरच्या शिट्ट्या मोजायला कुणी नसतं, आणि तुम्ही आतल्या खोलीत पाय वर करून छताकडे बघताय. नवरा काही निष्काळजी नाही, पण "हिंग कुठंय?" हा प्रश्न दर तासाला आला की उठून दाखवावंसं वाटतंच. समोरच्या काकू भेटायला आल्या, म्हणाल्या, "पडून राहा गं, काही उठू नकोस," आणि पुढच्याच वाक्यात, "बिचारा तो कसं करतो सगळं!" बाईला आजारपणात मिळणारी सहानुभूती अशी अर्धी नवऱ्याच्या वाट्याला जाते. भेटायला येणाऱ्यांनी डिंकाचे लाडू इतके आणले की हाडाआधी माझं वजन भरून आलं.

म्हणून माझं म्हणणं असं की शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी पोळ्यांच्या बाईशी बोला. डबा लावायचा असेल तर लावा. मुलाला, सुनेला, बहिणीला, ज्यांना कुणाला बोलवायचं त्यांना आधी सांगा, आणि काय काय करायचं ते नेमकं सांगा. "बघू, होईल" म्हणणाऱ्या घरात हे ऑपरेशन करू नये. आणि दोन्ही पाय एकदम तर नकोच. काही जणी करून घेतात, मलाही विचारलं होतं. एका पायावर शौचालयात जाता येतं. दोन्ही टाचांवर तोल सांभाळत जायचं माझ्या वयात तरी मला झेपलं नसतं.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंट होणार, होणार म्हणून आम्ही सगळे म्हातारे होत आलो. घरी आणलं त्या दिवशी दुसरा मजला मी बसून चढले. पायरीकडे पाठ करून बसायचं, हात मागच्या पायरीवर, चांगल्या पायाने रेटा द्यायचा, वरच्या पायरीवर सरकायचं. ऑपरेशनचा पाय पुढे अधांतरी. पहिल्या मजल्यावरची छोटी मुलगी दारात उभी राहून सगळं बघत होती, तिला ते इतकं आवडलं की तीही माझ्या शेजारून तशीच वर आली. उभ्याने जिना चढायला फिजिओथेरपिस्टने नंतर शिकवलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. घोकून ठेवा, ऐन जिन्यात उलटं होतं.

पट्ट्यांचा कडक बूट देतात, पुढची बाजू अशी की भार टाचेवर राहावा. तो जाड असतो, त्यामुळे दुसरा पाय खाली पडतो आणि चार दिवसांत कंबर बोलू लागते. दुसऱ्या पायात घरातही जाड तळाचा बूट घाला, हा उपाय मला कुणी डॉक्टरने नाही, ड्रेसिंग करणाऱ्या मावशींनी सांगितला.

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघाले. तार आणखी काही आठवड्यांनी. त्या तारेचं मला फार भय. ती पांघरुणात अडकायची, म्हणून नवऱ्याने मिक्सरच्या खोक्याची एक बाजू कापून पायावर उपडं ठेवलं आणि चादर त्याच्यावरून घातली. काढायच्या दिवशी डॉक्टरांनी साधी पक्कड असते तसं काहीतरी हातात घेतलं, मी डोळे मिटले, बोटाच्या आतून काहीतरी लांबलचक सरकल्यासारखं वाटलं, आणि झालं. भूल नाही, टाका नाही, एक कापसाचा बोळा. खोकं मात्र नवऱ्याने अजून टाकलेलं नाही, त्याच्या कारागिरीचा नमुना म्हणून माळ्यावर आहे.

सहा आठवड्यांच्या सुमारास एक्स-रे बघून साध्या बुटाला परवानगी मिळाली, आणि इथे लोक फसतात. हाड जुळायला लागलं म्हणजे पाय बरा झाला असं नाही. सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते. सकाळी पाय बुटात जातो, संध्याकाळी जात नाही. म्हणून बूट घ्यायला संध्याकाळी जा. कागदावर पाय ठेवून पेन्सिलने कड काढून न्या आणि बूट त्या आकृतीवर ठेवून बघा, बोटांकडे कागद बाहेर दिसला तर तो बूट नको. मला शेवटी पुरुषांच्या विभागात मिळाला, पुढून रुंद, नाडीचा, काळा. दुकानदार म्हणाला, "सरांसाठी का?" मी म्हटलं, बाईंसाठी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तोच बूट घालून गेले. दाराशी चपलांच्या ढिगात तो वेगळाच दिसत होता. खाली सतरंजीवर बसता येईना म्हणून खुर्ची दिली, तर सगळ्यांच्या नजरा बरोबर पायाच्या उंचीला. "जोडवी कुठेत?" एका आजींनी विचारलं. सुजलेल्या बोटात जोडवं घालत नाहीत, रक्त अडतं, असं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण तिळगूळ दिला.

शाळेत गेले ती आधी खुर्चीवर बसून शिकवायला. स्कूटी त्याहून उशिरा, कारण ब्रेक हातात असला तरी सिग्नलला पाय टेकवायचा असतो आणि घोडबंदर रोडवर तो कधी झटकन टेकवावा लागेल याचा भरवसा नसतो. ट्रेन सगळ्यात शेवटी. ठाण्याला गर्दीच्या वेळी कुणाचा पाय कुठे पडेल ते देवालाही माहीत नाही. पाडव्याच्या स्वागतयात्रेत मात्र गेले, नऊवारीवर ते काळे बूट घालून. सगळा मार्ग नाही चालले, कौपिनेश्वरापासून थोडं अंतर, मग रिक्षा.

आता काय येत नाही तेही ऐका. अंगठ्याची एक बाजू अजून बधिर आहे, तिथली बारीक नस दुखावली जाते, काहींची संवेदना परत येते. शेजारचं बोट सरळ आहे पण मधल्या पेरात वाकत नाही, ते कायमचं. सूर्यनमस्कारात मागचा पाय चवड्यावर टेकवताना अंगठा पूर्वी जितका मागे वळायचा तितका वळत नाही. टाके निघाल्यापासून रोज तो हाताने वर-खाली वाकवते, टॉवेल बोटांनी ओढते, तेव्हा कुठे एवढं जमतंय. हा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि तो टाळणाऱ्यांचे सांधे आखडतात. अंगठा पुन्हा कलण्याची शक्यताही असते, डॉक्टरांनी ती लपवली नव्हती. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणि पायाचं रक्ताभिसरण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि तंबाखू, सिगारेट असेल तर आधी सोडा, हाड जुळायला उशीर लागतो.

पाचव्या तासाला मी आता बूट काढत नाही. भोवरी गेली. मला एवढंच हवं होतं.

"मग डाव्या पायाचं कधी?" हा शेवटचा प्रश्न ठरलेला. डावा अंगठाही वाकडाच आहे, अगदी आईसारखा. पण तो दुखत नाही. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही, असं मी घरात सांगून ठेवलंय. नवऱ्याला हिंगाचा डबा आता सापडतो, पण म्हणून काही मी पुन्हा आडवी पडणार नाही.